सेंट बोटॉल्फच्या भिंतीतली पिल्ले

तराफा बुडाला तेव्हा त्यावर तिघे होते: रूफस थर्टल, हेस्टर लार्टर आणि हेस्टरची धाकटी बहीण मेबल. तिघांनाही पोहता येत होते आणि नदीही त्या जागी कमरेएवढीच होती, त्यामुळे एरवी काही बिघडले नसते. पण तो तराफा म्हणजे मेजर पॉमफ्रेट यांच्या बागेचे फाटक होते.

"उसनं घेतलं होतं," रूफस म्हणाला.

"कुणाला विचारून?" मेजरांनी विचारले.

रूफस वाकून बुटातले पाणी ओतू लागला; लिटल ब्रॅम्लिंग गावात त्याची जीभ अशी क्वचितच अडे. तिघे तळ्यात पडलेल्या मांजरासारखे निथळत उभे राहिले. मेजर सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण शिक्षा फर्मावण्याची सवय काही निवृत्त झाली नव्हती. शिवाय ते सेंट बोटॉल्फ चर्चचे कारभारी होते. शनिवारी चर्चमध्ये फुलांचा उत्सव होता, बिशपच्या खालोखालचे धर्माधिकारी, आर्चडीकन, स्वतः उद्घाटनाला येणार होते, आणि तोपर्यंत सगळे चर्च लख्ख व्हायला हवे होते. झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला आठवडा तिघांनी झाडू मारायचा असे ठरले. दोन्ही घरच्या आयांनी ही शिक्षा इतक्या आनंदाने मान्य केली की मुलांना त्यात फितुरीचा वास आला.

बुधवारी सकाळी तिघे झाडू, बादल्या आणि पितळ घासायचे हातमोजे घेऊन कामाला लागले. चर्च झाडणे म्हणजे घर झाडणे नव्हे. ओक लाकडाच्या बाकांच्या टोकांना कोरलेली माकडे, डुकरे, जलपऱ्या. प्रत्येकाच्या काखेत आणि कानात धूळ. छताशी पंख पसरलेले लाकडी देवदूत, त्यांची धूळ वर्षानुवर्षे खाली. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला आठ बाजू, आणि एकीवरही फडके सरळ फिरत नाही. वेदीकडचा भाग आणि लोकांची बसायची जागा यांच्यामध्ये नक्षीदार लाकडी जाळीचा आडपडदा होता. त्याच्या खालच्या फळ्यांवर जुने संत रंगवलेले होते. कुण्या राजाच्या काळात त्यांचे चेहरे चाकूने खरवडून काढलेले होते. मेबल दर वेळी त्यांच्यासमोरून जाताना पाय उचलून जाई, कारण तिला त्यांचे वाईट वाटे.

पण सगळ्यात वाईट जागा होती प्रवचनाच्या व्यासपीठाजवळची. तिथे उत्तरेच्या भिंतीवर, शिडीशिवाय हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, राजचिन्हाची एक भलीमोठी फळी टांगलेली होती. तिच्यावर सिंह आणि एकशिंगी घोडा एकमेकांकडे दात विचकून उभे होते. त्या फळीच्या बरोबर खाली फरशीवर काळे काळे दाणे पडलेले होते. तिघांनी झाडले. जेवून परत आले, तर पुन्हा दोन-चार पडलेले.

"उंदीर," रूफस म्हणाला.

मेबलने हातमोजा घालून एक दाणा चिमटीत धरला. त्याचा भुगा झाला, आणि भुग्यात काहीतरी चमकले. ती दहा वर्षांची होती, पण नॉरिचहून आलेल्या मिस ओव्हरी नावाच्या प्राणी-अभ्यासक बाईंबरोबर ती एका संध्याकाळी रानात वटवाघळे पाहायला गेली होती, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

"उंदराची लेंडी कडक असते," ती म्हणाली. "हे किड्यांचे पंख आहेत. वटवाघळांच्या लेंड्या आहेत ह्या."

हेस्टरला प्रश्न पडला की हे आजवर कुणाच्या लक्षात कसे आले नाही. चर्च झाडायची पाळी तर गावातल्या बायकांकडे आळीपाळीने असे. तिने फुलांच्या मुख्य कारभारीण मिसेस टॉली यांना सहज विचारले. मिसेस टॉलींनी इकडे तिकडे पाहिले आणि हळूच सांगितले की ती घाण त्यांना फार वर्षांपासून माहीत आहे. आधीच्या आठवड्याला मिसेस मेस यांची पाळी असते आणि त्या बिचाऱ्या कोपऱ्यातून झाडू फिरवत नाहीत, पण असे तोंडावर कसे सांगायचे? मग हेस्टरने मिसेस मेसना विचारले. त्यांनी तेच सांगितले, फक्त नाव मिस ब्रंडिशचे घेतले. मिस ब्रंडिशने मिसेस टॉलींचे घेतले. सगळ्याजणी वर्षानुवर्षे मुकाट्याने दुसरीची घाण झाडत होत्या, आणि सभ्यपणापायी कुणी चकार शब्द काढला नव्हता. रूफस एवढा हसला की त्याला बाकावर बसावे लागले.

त्याचे हसू मेबलच्या ओरडण्याने थांबले. गुडघे टेकायच्या भरतकाम केलेल्या उश्या झटकताना तिला एका उशीवर काहीतरी हलताना दिसले होते. अंगठ्याएवढे पिल्लू होते ते. अंगावर विरळ राखाडी लव, पंख चुरगळलेले, आणि कान मात्र अंगापेक्षा मोठे. ते उडणार कसे? अजून कित्येक दिवस त्याला उडता येणार नव्हते. वरून पडले होते ते.

मेबलचे डोळे भरून आले, पण मिस ओव्हरींनी सांगितलेले तिला आठवत होते. हातमोज्यातच तिने पिल्लू उचलले, खडूच्या रिकाम्या खोक्यात मऊ फडके घातले आणि खोके व्यासपीठाच्या कठड्यावर, फळीच्या जवळात जवळ ठेवले. संध्याकाळी आई शोधत येईल, असे ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिघे मागच्या बाकावर श्वास रोखून बसले. पश्चिमेच्या खिडकीत अजून उजेड होता. बराच वेळ काहीच घडले नाही, आणि रूफसने शिंक दाबताना चेहऱ्याचे काय काय केले ते सांगण्यासारखे नाही. मग राजचिन्हाच्या फळीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून, सिंहाच्या शेपटीपाशी, एक कान बाहेर आला. मग दुसरा. लांब कानांचे एक वटवाघूळ फळीवरून सरपटत आले आणि हवेत सुटले. त्याच्यामागे दुसरे, तिसरे, मग मोजता येईनात एवढी. देवदूतांच्या पंखांखालून घिरट्या घालून ती मनोऱ्याच्या दाराच्या फटीतून बाहेर जात होती. त्यातले एक मात्र गेले नाही. ते व्यासपीठाभोवती फिरत राहिले, कठड्यावर उतरले आणि खोक्यात शिरले. परत निघाले तेव्हा त्याच्या पोटाला पिल्लू चिकटलेले होते. फळीच्या कोपऱ्यातून दोघे आत गेले.

मेबल रडत होती आणि हसतही होती. "आत आणखी असतील," ती म्हणाली. "खूप असतील. आत बाळंतघर आहे त्यांचं."

गुरुवारी सकाळी ही आनंदाची बातमी घेऊन ते मेजरांकडे गेले, आणि तिथे त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मेजरांनाही त्या जागेबद्दल ठाऊक होते. फळीमागून भिंतीचा जुना, काळवंडलेला चुना गळतो, असे त्यांचे मत होते. उत्सवात व्यासपीठाशी मिसेस टॉलींच्या लिली मांडल्या जाणार, त्यांच्यावर आणि कदाचित आर्चडीकनच्या टकलावर कचरा पडणार, हे त्यांना खपण्यासारखे नव्हते. म्हणून शुक्रवारी दुपारी गवंडी मिस्टर गेज येऊन फळीच्या चहूबाजूंची फट चुन्याने कायमची बुजवणार होते.

"आत पिल्लं आहेत," मेबल म्हणाली.

मेजरांनी तिला समजावले की गेल्याच वर्षी एक तपासनीस विजेरी घेऊन मनोऱ्यात चढला होता. घंटांच्या खोलीचा कोपरा न् कोपरा त्याने पाहिला, आणि या चर्चमध्ये वटवाघळे नाहीत असे कळवले. "वटवाघळं घंटांच्या मनोऱ्यात असतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिथे नाहीत, म्हणजे नाहीत."

"कानाशी घंटा वाजत असताना तुम्ही झोपाल का तिथे?" मेबलने विचारले. "त्यांचे कान बघा केवढे आहेत."

"तुम्ही पाकोळी पक्षी पाहिले असतील. आणि बाळ, ज्यांनी माझं फाटक बुडवलं, त्यांच्या शब्दावर मी काम थांबवू?"

हा घाव वर्मी बसला. तिघे फाटक नसलेल्या बागेतून खाली मान घालून बाहेर पडले. आईला सांगितले, तर आई म्हणाली की त्या तराफ्यानंतर निदान आठवडाभर मेजरांच्या समोर उभेही राहू नका. चर्चच्या पाद्रीबाई रेव्हरंड जोन यांच्याकडे पाच गावांची पाच चर्चे होती आणि त्या दिवशी त्या कुठल्यातरी अंत्यविधीला गेल्या होत्या. मिस ओव्हरींच्या फोनवर यंत्र बोलले. हेस्टरने दोघींसाठी निरोप ठेवला, पण निरोपाने चुना थांबत नाही हे तिलाही कळत होते. उद्या दुपारी फट बुजली की आया बाहेरच्या बाहेर आणि पिल्ले आतल्या आत, किंवा सगळीच आत. मेबल दिवसभर जेवली नाही.

"रडून काय होणार? डोकं चालवूया," हेस्टर म्हणाली. ती बारा वर्षांची होती आणि रागावली की तिचे डोके नीट चाले. "फळी भिंतीला सपाट टेकलेली आहे. तिच्यामागे एवढी वटवाघळं मावणारच नाहीत. मग ती जातात कुठे?"

आतून भिंत सरळ आणि गुळगुळीत होती. म्हणून ते बाहेरून पाहायला गेले. चर्चच्या उत्तरेला सहसा कुणी जात नसे, कारण तिकडे ऊन नाही, खाजऱ्या पानांची झुडपे मात्र माणसाएवढी आणि वर वाळलेल्या फुलांचा उकिरडा. काठीने वाट करत ते भिंतीपर्यंत पोचले. गारगोटीच्या त्या भिंतीला व्यासपीठाच्या मागे नेमके एक गोल पोट आलेले होते. वेलींनी ते झाकले होते, आणि वेलींच्या आत, उंचावर, दगडचुन्याने पक्की बुजवलेली एक अरुंद उभी खिडकी होती.

"आत पोट नाही आणि बाहेर आहे," हेस्टर म्हणाली. "म्हणजे मध्ये पोकळी आहे."

रूफसने कबूल केले की अशी जागा त्याने पाहिली आहे. ग्रेट ब्रॅम्लिंगच्या चर्चमध्ये, मावसभावाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, तो कंटाळून भिंतीतल्या एका बुटक्या दारात शिरला होता. आत गोल जिना होता, आणि वरचे दार उघडत होते ते थेट हवेत. जुन्या काळी तिथे आडपडद्याच्या डोक्यावर सज्जा असे, मेणबत्त्या लावायला माणूस त्या जिन्याने वर जाई. सज्जा केव्हाच मोडला, जिना राहिला. रूफसने त्या वरच्या दारातून डोके बाहेर काढले तेव्हा खाली पाद्री बाळाच्या कपाळावर पाणी लावत होते. पुढचे त्याने सांगितले नाही.

"म्हणजे आपल्या राजचिन्हामागे वरचं दार आहे," हेस्टर म्हणाली. "मग खालचं कुठे?"

तिघे आत धावले. व्यासपीठाच्या पलीकडे, भिंतीला चिकटून, फुलदाण्यांचे कपाट उभे होते. ते काळे आणि अवजड धूड कुणी आणले हे गावात कुणालाच माहीत नव्हते, आणि ते हलवायचा विचारही कधी कुणाच्या मनात आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी रूफसने केस विंचरले आणि मिसेस टॉलींच्या दारात जाऊन, ते कपाट आतून धुऊन पुसून देऊ का, असे विचारले. मिसेस टॉली कित्येक वर्षे या कामाची टाळाटाळ करत होत्या. त्यांनी रूफसचा गाल कुरवाळला, त्याला आल्याची बिस्किटे दिली आणि, लोक उगाच या मुलाबद्दल काहीबाही बोलतात, असेही म्हणाल्या. रूफसला मनातून थोडी लाज वाटली, पण बिस्किटे त्याने तिघांत वाटली.

फुलदाण्या निघता निघेनात. काचेच्या, पितळेच्या, मातीच्या, कान तुटलेल्या. तिघांनी त्या बाहेर नेऊन दफनभूमीतल्या सपाट थडग्यांवर मांडल्या. कपाट रिकामे झाले. मग तिघांनी खांदा लावला. कपाट हलले नाही. पाठ लावली, पाय भिंतीला टेकले, रूफसने तोंडाने नाना आवाज काढले. कपाट जागचे ढिम्म हलले नाही.

आणि तेवढ्यात दार उघडले. दुपारी यायचे ते मिस्टर गेज सकाळीच हजर झाले होते. दुपारी दुसरे काम होते त्यांना. एका खांद्यावर शिडी, एका हातात कालवलेल्या चुन्याची बादली.

मेबल पांढरीफटक पडली. रूफसने मात्र कपाटाकडे पाहिले, शिडीकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते फाटकाच्या दिवशीचे तेज आले.

"मिस्टर गेज, शिडी लावणार कुठे? हे धूड मध्ये येतंय."

मिस्टर गेज यांनी डोके खाजवले. खरेच येत होते. हेस्टरने पळत जाऊन जळक्या मेणबत्त्यांचे तुकडे आणले आणि कपाटासमोरच्या फरशीवर मेण घासले. मिस्टर गेज यांनी बाह्या सरसावल्या. एक रेटा, दुसरा रेटा, आणि कपाट मेणावरून सुळकन सरकत बाजूच्या बाकावरच्या डुकराला जाऊन भिडले.

कपाटामागे भिंत नव्हती. दगडाची एक टोकदार कमान होती, रूफसच्या छातीएवढी उंच, आणि कमानीत जुन्या फळ्या ठोकून वरून चुना फासलेला होता.

"असतं काहीबाही जुनं," असे म्हणून मिस्टर गेज शिडीवर चढले आणि त्यांनी फळीच्या डाव्या बाजूने फट बुजवायला सुरुवात केली. हेस्टरने विनवले की एकदा खाली येऊन आत पाहा. त्यांचे म्हणणे असे की कालवलेला माल थांबत नाही, वटवाघळे नाहीत असे कागदावर लिहिलेले आहे, आणि मेजर थांब म्हणाले तर थांबेन, नाहीतर नाही. डावी बाजू भरून झाली. हात वरच्या बाजूला वळला.

"मेजर वटवाघळांसाठी येणार नाहीत," हेस्टर रूफसच्या कानात म्हणाली. "पण मिसेस टॉलींसाठी येतील."

रूफस सुटला. मिसेस टॉलींनी जन्मात कधी कुणाविरुद्ध तक्रार केली नव्हती, म्हणूनच त्यांच्या तक्रारीला सगळे गाव भीत होते. त्या आणि इतर बायका फुलांच्या बादल्या घेऊन याच वेळी पोचत होत्या, आणि त्यांना फुलदाण्या थडग्यांवर दिसणार होत्या. रूफसने मेजरांच्या खिडकीतून आत डोके घालून एवढेच सांगितले की सगळ्या फुलदाण्या दफनभूमीत आहेत, आत वाटेत कपाट आडवे आहे, आणि मिसेस टॉली नुकत्याच पोचल्या आहेत. यातला शब्दन् शब्द खरा होता. मेजर अर्धी दाढी तशीच ठेवून निघाले.

इकडे मेबल कमानीपुढे पालथी पडली होती. फळ्यांचे एका कडेचे खिळे गंजून गेले होते. एक फळी धरून तिने हळूच ओढली, तशी ती बिजागरीवर फिरावी तशी कडेला फिरली. आतून थंड, उग्र वासाची हवा आली. मेबलने विजेरीवर चॉकलेटचा लाल कागद धरला, म्हणजे उजेड बोचू नये, आणि नुसते डोके आत घातले. मधोमध झिजून खोलगट झालेल्या दगडी पायऱ्या वळत वळत वर गेल्या होत्या. वरच्या वळणाच्या छताला, एकमेकांना बिलगून, आया आणि पिल्ले लटकत होती. पलीकडून थापीचा खरड खरड आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजासरशी तो अख्खा घोळका शहारत होता.

मेबल उठली आणि शिडीकडे गेली. तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. "मिस्टर गेज, ती घाबरतायत," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक होता की बहुधा ते वर पोचलेच नाही. थापी चालतच राहिली आणि उजव्या कोपऱ्याकडे सरकली.

त्याच क्षणी मेजर आत आले. त्यांच्यामागे रूफस, आणि त्याच्यामागे मिसेस टॉली, मिसेस मेस, मिस ब्रंडिश, सगळ्यांच्या हातांत फुले.

"हा काय तमाशा आहे?" मेजर म्हणाले. "कपाट जागेवर लावा. आणि मुली, तू ती शिडी सोड."

"सोडीन," मेबल म्हणाली. "आधी तुम्ही आत बघा. पाकोळ्या असल्या तर मी सुट्टीभर रोज चर्च झाडीन."

मेजरांनी मेबलकडे पाहिले. तिच्या नाकाला चुना लागलेला होता आणि गालांवरून ओघळ गेले होते. त्यांनी एक उशी ओढली, तिच्यावर गुडघे टेकले, विजेरी घेतली आणि फळीच्या फटीतून डोके आत घातले. ते बराच वेळ तसेच राहिले. एवढा वेळ की मिस ब्रंडिशला वाटले, त्यांची मान अडकली.

डोके बाहेर आले तेव्हा त्यांच्या दाढीच्या साबणाला जळमटे चिकटलेली होती. "गेज, थांब," ते म्हणाले. "खाली उतर. भरलंस तेवढं सगळं हळू हातानं खरवडून काढ." मग जरा थांबून, कुणाकडेच न बघता, "एका पिल्लानं माझ्याकडे पाहून जांभई दिली."

मिस्टर गेज यांनीही आत पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. वटवाघळांचे घर बुजवणे हा गुन्हा आहे हे त्यांना पक्के माहीत होते. मिसेस टॉलींनी मिसेस मेसकडे पाहिले, मिसेस मेसनी मिस ब्रंडिशकडे. "म्हणजे त्या लेंड्या... तुम्ही नव्हे," असे काहीतरी तिघी एकदम पुटपुटल्या, आणि वर्षानुवर्षांचे मळभ एका मिनिटात निघून गेले.

हेस्टर मात्र अजून जमिनीवरच बसली होती. बाजूला फिरलेल्या त्या फळीची आतली बाजू तिच्या डोळ्यांसमोर होती. "मेजर," ती म्हणाली, "ह्या साध्या फळ्या नाहीत."

फळीच्या पाठीवर लाल झगा होता. सोनेरी फुले होती. वर एका बाईचा चेहरा होता: गोरा, थोडा लांबट, भुवया उंचावलेल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. चेहरा पूर्ण होता. एक ओरखडासुद्धा नव्हता. आत वाकून पाहिले तर शेजारच्या फळीच्या पाठीवर टोपी घातलेला म्हातारा, त्याच्या हातात तराफ्यासारखी दिसणारी होडी.

हेस्टरचा निरोप मिळताच निघालेल्या रेव्हरंड जोन तेवढ्यात धापा टाकत आत आल्या. त्या गुडघ्यांवर बसल्या, फळ्या नीट निरखल्या आणि बोलू लागल्या. राजाची माणसे संतांचे चेहरे खरवडायला गावोगाव हिंडत होती, तेव्हा ब्रॅम्लिंगच्याच कुणा सुताराने आडपडद्याच्या काही फळ्या आधीच काढल्या असणार, आणि जिन्याचे दार बंद करायच्या निमित्ताने, रंग आत करून, इथे ठोकल्या असणार. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. "मला रडू येतंय," रेव्हरंड जोन म्हणाल्या, आणि खरेच रडल्या. तेव्हापासून आजवर हे चेहरे फक्त वटवाघळांनी पाहिले होते.

संध्याकाळी मिस ओव्हरी नॉरिचहून आल्या. त्यांनी फळी होती तशी लावून घेतली आणि पिल्ले उडेपर्यंत कमानीला कुणी हात लावायचा नाही असे बजावले. संत एवढी शतके थांबले, आणखी महिनाभर थांबतील, असे रेव्हरंड जोन म्हणाल्या.

शनिवारी उत्सव झाला आणि थाटात झाला. लिली व्यासपीठापासून हातभर सरकल्या. राजचिन्हाखाली स्वच्छ चादर अंथरली होती आणि तिच्यावर रूफसच्या अक्षरात पाटी होती: "शांतता राखा, वर बाळंतीण झोपली आहे." आर्चडीकननी पाटी दोनदा वाचली. मग मेजर उभे राहिले, घसा खाकरला, आणि भरल्या चर्चसमोर म्हणाले, "मी चुकलो. आम्ही वटवाघळं मनोऱ्यात शोधली, ह्या मुलांनी जिथे होती तिथे शोधली. उद्यापासून ह्या तिघांना माझी बाग, माझी नदीची वाट आणि माझी होडी खुली आहे. फाटक सोडून." आर्चडीकननी तिघांशी हस्तांदोलन केले. हेस्टरच्या आईने शेजारणीला हळूच सांगितले की थोरली अगदी आपल्यावर गेली आहे.

मेबलला मात्र खरा आनंद त्या दिवशी झाला नव्हता. तिचा जीव पिल्लांत होता. ती रोज संध्याकाळी मागच्या बाकावर येऊन बसू लागली. काही दिवसांनी मेजर येऊन शेजारी बसू लागले, मग चहाचा थर्मास घेऊन मिसेस टॉली, मग मिस्टर गेज, आणि ऑगस्टच्या मध्यावर तर रविवारच्या प्रार्थनेपेक्षा जास्त गर्दी वटवाघळांना होऊ लागली.

अशाच एका संध्याकाळी आया बाहेर निघून गेल्यावर फळीच्या कोपऱ्यात एक लहान चेहरा दिसला. तो आत गेला, पुन्हा बाहेर आला. मग पिल्लाने फळी सोडली. ते दगडासारखे खाली आले, मेबलने दोन्ही हात तोंडावर दाबले, आणि अगदी व्यासपीठाशी त्याचे पंख उघडले. वेडेवाकडे, धडपडत ते बाकांवरून गेले, मेजरांच्या टोपीला घासून वळले आणि देवदूतांपर्यंत चढले. त्याच्यामागून दुसरे निघाले, मग तिसरे. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, हे लिटल ब्रॅम्लिंगमध्ये सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेले असते. त्या संध्याकाळी पहिली टाळी मेजर पॉमफ्रेट यांनी वाजवली, आणि मेबल बाकावर उभी राहून सगळ्यात शेवटपर्यंत वाजवत राहिली.